मामलेदाराचा कायमचा पत्ता

नाव : श्री. फकिरा चिमाजी विधाते. वय : सदुसष्ट वर्षे. उंची : पाच फूट तीन इंच, टोपीसह. व्यवसाय : एस.टी. कंडक्टर, सेवानिवृत्त. कायमचा पत्ता : बी विंग, सदनिका क्रमांक ४०२, पाथर्डी फाटा, नाशिक. पूर्वीचा पत्ता : पंचवटी. पाळीव प्राणी : निरंक (पक्षी हा प्राणी नव्हे, असे सभासदाचे म्हणणे). विशेष माहिती : सदर सभासदांस नाशिक जिल्ह्यातील सर्व मार्गांचे सखोल ज्ञान असून ते कोणत्याही ठिकाणी बिनचूक व वेळेवर पोचतात.

ही नोंद सोसायटीच्या रजिस्टरात आहे. विशेष माहितीचा मजकूर विधात्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, मुलाने, ललितने, निवृत्तीच्या वेळच्या मानपत्रातून उतरवून घेतला. मानपत्र लिहिणाऱ्याने तो चांगल्या मनाने लिहिला असणार. मानपत्रात खरं लिहिण्याची पद्धत नाही.

खरी गोष्ट अशी की आप्पा विधात्यांना रस्ते अजिबात कळत नाहीत. यात त्यांचा दोष फारसा नाही. ड्रायव्हर रस्त्याकडे बघतो आणि कंडक्टर उतारूंकडे. आप्पांनी एकतीस वर्षं नांदगाव, नामपूर, त्र्यंबकेश्वर असा सगळा जिल्हा पालथा घातला, पण पुढच्या काचेकडे पाठ करून. त्यांना प्रत्येक गाव मागं जाताना ठाऊक आहे. येताना ते कसं दिसतं, हे विचारलं तर विचारात पडतात.

मात्र या मागच्या काचेतूनच त्यांना एक विद्या मिळाली. पंचवटीतल्या त्यांच्या बैठ्या घराच्या धाब्यावर कबुतरांचं खुराडं होतं. वडील चिमाजी फुलशेती करत आणि उरलेल्या वेळात कबुतरं. आप्पांकडे फुलं आली नाहीत, कबुतरं आली. ड्यूटीवर निघताना ते एक करंडी शेवटच्या बाकाखाली ठेवत, तिचं सामानाचं तिकीट स्वतःच स्वतःला फाडून देत, आणि गाडी मुक्कामाच्या स्टँडवर लागली की करंडी उघडत. आप्पा संध्याकाळच्या फेरीने परत येत तेव्हा कबुतरं धाब्यावर दाणे टिपून झोपेच्या तयारीत असत.

त्यांतला सगळ्यात हुशार मामलेदार. राखी रंगाचा, मानेला हिरवी झाक, वय नऊ. छाती काढून, सावकाश, दुसऱ्याच्या जागेची पाहणी करत चालायचा म्हणून हे नाव. पिंपळगावाकडून सोडला तर तो थेट येत नाही, हायवे धरून येतो आणि नाशकातल्या द्वारकेच्या चौकात वळतो, असं आप्पा सांगत. स्टँडवरची मंडळी हसत. सिग्नलला थांबतो का, म्हणून विचारत. पुढे परदेशातल्या अभ्यासकांनी कबुतरांच्या पाठीवर बारकी यंत्रं बांधून पाहिलं, तर ती खरोखरच मोठ्या रस्त्यांच्या कडेने जातात आणि चौकात वळतात असं निघालं. लांबून येताना दिशा सूर्यावरून, पृथ्वीच्या चुंबकत्वावरून, वाऱ्यावर येणाऱ्या वासांवरून. घराजवळ आलं की रस्ते, नदी, ओळखीच्या इमारती. आप्पांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि त्या लोकांना एवढा खर्च कशाला लागला, असं विचारलं. त्यांच्या मते मागच्या बाकावर बसलं असतं तरी दिसलं असतं.

मागच्या वर्षी पंचवटीतल्या त्या गल्लीतली सहा घरं मिळून एक नवी इमारत करायचं ठरलं आणि आप्पांना ललितकडे पाथर्डी फाट्याला यावं लागलं. बरीचशी कबुतरं त्यांनी शेजारीपाजारी वाटली. पाच कोवळी आणि मामलेदार एवढी सोबत घेतली. सोसायटीने गच्चीच्या कोपऱ्यात खुराडं ठेवायला प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली.

नेताना आप्पांनी जे केलं ते फक्त कबुतरवालाच करील. कबुतरांना वाट कळू नये म्हणून त्यांनी करंडीवर काळी घोंगडी टाकली आणि ललितच्या मित्राचा टेम्पो पाथर्डी फाट्याला सरळ न नेता आधी नाशिकरोडला, तिथून देवळालीला, मग परत द्वारकेला नेला. तिथे चौकाला तीन प्रदक्षिणा घालायला लावल्या. स्वतः मागे करंडीशेजारी, अर्थात पाठ करून. नऊ किलोमीटरला अडीच तास लागले. उतरल्यावर आप्पा समाधानाने म्हणाले की आता यांना दिशा लागायची नाही. ती त्यांना स्वतःलाही लागली नव्हती, हे घरच्यांच्या नंतर लक्षात आलं.

कोवळी पाच महिन्याभरात रुळली. नव्या गच्चीवरून उडायची, पांडवलेण्यांच्या डोंगरापर्यंत जाऊन यायची. मामलेदाराला चाळीस दिवस कोंडून ठेवलं होतं. एक्केचाळिसाव्या सकाळी आप्पांनी दार उघडलं. तो बाहेर आला, गच्चीची पाहणी केली, वर चढला, एक फेरी मारली आणि ईशान्येला निघून गेला. द्वारकेच्या तीन प्रदक्षिणांचा त्याच्यावर काहीही परिणाम झाला नव्हता.

आप्पा रिक्षाने पंचवटीला गेले. रिकाम्या घराच्या धाब्यावर चढून त्यांनी ज्वारीचा डबा वाजवला. मामलेदार पत्र्यावरून उतरला आणि मुकाट करंडीत बसला. येताना रिक्षावाल्याने आप्पांना फाटकाशी सोडलं. आत चार विंग आहेत, चारही पिवळ्या. आप्पा सी विंगच्या ४०२ मध्ये गेले. तिथल्या सगुणाबाईंनी दार उघडलं, करंडी पाहून भाजीवाले समजल्या, मग ओळख पटली तेव्हा चहा केला. तिसऱ्या घोटाला आप्पांच्या लक्षात आलं की आपल्या घरी चहात आलं नसतं.

हे चार वेळा झालं. दर वेळी मामलेदार दहा मिनिटांत पंचवटीत आणि आप्पा सगुणाबाईंकडे. सून सुवर्णा पहिल्या वेळी घाबरली, दुसऱ्या वेळी हसली, तिसऱ्या वेळी सगुणाबाईंकडे बिनआल्याचा चहा सांगून ठेवला. चौथ्या वेळी जेवताना म्हणाली, "आप्पा, त्याला जुना पत्ता विसरता येत नाय अन् तुम्हाला नवा पाठ होत नाय. तुम्हा दोघांचं मिळून एक डोकं केलं तर काम भागंल."

आप्पा हसले नाहीत. कारण घर पाडायची तारीख कळली होती. नऊ वर्षांचं कबुतर जुनी जागा सोडत नाही हे त्यांना वडिलांपासून ठाऊक होतं. जागाच गेली तर ते घिरट्या घालतं, कुठेतरी तारेवर बसतं, उपाशी राहतं, आणि एक दिवस दिसायचं बंद होतं. एकच उपाय होता, तो म्हणजे जन्मभर कोंडून ठेवणं. ललितने तोच सुचवला. आप्पा म्हणाले की मामलेदाराला तुरुंगात घातल्याचं ऐकिवात नाही.

ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मामलेदार पाचव्यांदा निसटला. आप्पा सकाळी पोचेपर्यंत जेसीबीचं काम उरकलं होतं, तो बाजूला उभा होता, आणि घर नव्हतं. विटांचा ढीग, वाकलेला पत्रा, धूळ. मामलेदार वर फिरत होता. मग तो उतरायला लागला. पंख आवरले, पाय पुढे काढले आणि हवेत, जिथे कालपर्यंत खुराड्याची फळी होती नेमक्या त्या जागी, टेकायला गेला. फळी नव्हती. धडपडला, वर गेला, फिरून आला, परत तिथेच टेकायला गेला. असं तीनदा. मग विजेच्या खांबावर जाऊन बसला.

आप्पांनी खालून डबा वाजवला. तो हलला नाही. ढिगावर चढून वाजवला, तरी नाही. त्या जागी त्याला जमिनीवर कधी दाणा मिळाला नव्हता. त्याच्या हिशेबी दाणा मिळायची एक उंची होती आणि डबा त्या उंचीवर वाजत नव्हता.

जेसीबीवर बुद्धभूषण नावाचा नांदगावकडचा मुलगा होता. तो हे सगळं डबा उघडून पोहे खात बघत होता. त्याने पोहे बाजूला ठेवले, खाली उतरून प्रकरण काय आहे ते विचारून घेतलं, आणि यंत्राचं पुढचं मोठं फावडं जमिनीला टेकवून आप्पांना त्यात उभं राहायला सांगितलं. मुकादमाने तोंड दुसरीकडे केलं. फावडं हळूहळू वर निघालं. आप्पा एका हाताने काठ धरून, दुसऱ्या हातात डबा.

"काका, किती उंच होतं घर?" बुद्धभूषणने केबिनमधून विचारलं.

"मला काय माहीत," आप्पा म्हणाले. "तू वर घेत जा. तो सांगंल."

एका ठिकाणी डबा वाजला आणि खांबावरचं कबुतर उठलं. आप्पांनी हात वर केला. मामलेदार सरळ आला आणि त्यांच्या दंडावर बसला. बुद्धभूषण सांगतो की काका नंतर बराच वेळ खाली उतरायचं नाव घेईनात. कबुतराला थोडं बसू दे, म्हणाले. खालच्या लोकांना त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

त्या रात्री आप्पांनी जन्मभर कोंडायचा विचार मनाशी एकदा करून पाहिला आणि सोडून दिला. दुसऱ्या दिवशी ते पंचवटीतल्या एका जुन्या कबुतरवाल्याकडून एक पांढरी मादी घेऊन आले. वडील करायचे ते आता त्यांना आठवलं होतं : म्हाताऱ्या नराला जागा शिकवता येत नाही, संसार थाटून देता येतो. मामलेदाराने आठवडाभर तिच्याकडे दुर्लक्ष केलं, मग तिच्या जागेची पाहणी सुरू केली. दोन अंडी झाली. सतरा-अठरा दिवसांनी दोन पिल्लं, पिवळ्या लवीची, चोचीच्या मानाने डोकं लहान. सुवर्णाने ती पाहून तोंड वाकडं केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर कपडे वाळत घालायला दिवसातून चार वेळा जायला लागली.

पिल्लं आठ दिवसांची झाल्यावर, एका रविवारी, आप्पांनी मामलेदारासाठी दार उघडलं. उघडायच्या आधी दोनदा कडी लावली. सुवर्णा म्हणाली, आप्पा, नका बघू, खाली चला. त्यांनी दार उघडलं आणि बघत राहिले. तो वर चढला, फेरी मारली आणि ईशान्येला गेला.

आप्पा सिटी बसने निघाले. पंचवटीला पोचले तेव्हा जुन्या जागी मोठा खड्डा खणलेला होता. मामलेदार वरून फिरत होता. फळीच्या उंचीवर आला, पण या वेळी पाय पुढे काढले नाहीत. दोन फेऱ्या झाल्या आणि तो देवळांच्या शिखरांमागे गेला. आप्पांनी डबा बाहेर काढलाच नाही. त्याला जायचं असेल तिथे जाऊ दे, असं त्यांनी ठरवलं होतं म्हणे. खड्ड्याच्या कडेला विटांच्या चळतीवर ते सव्वाचारपर्यंत बसून राहिले.

मग फोन वाजला. सुवर्णा होती.

"आप्पा, मामलेदार आलेत. पिल्लांना भरवताहेत." मागे गच्चीवरचा वारा ऐकू येत होता. "तुम्ही कुठे?"

आप्पा विटांवरून उठले. मग ते म्हणाले की निघालोच, सरळ घरीच येतो.

मामलेदार चार वाजून दहा मिनिटांनी पोचला होता. श्री. फकिरा चिमाजी विधाते पावणेसातला पोचले, डी विंगमध्ये.