पिशवी उचला

माणसाला कामावरून तात्काळ काढून टाकणं ही एक कला आहे, आणि ती आमच्या मामांइतकी आजवर कुणालाच साधलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. यात नुसता भाच्याचा अभिमान नाही. मी स्वतः हिंजवडीतल्या एका कंपनीत माणसं नेमण्याच्या आणि काढण्याच्याच खात्यात आहे. आमच्याकडे एखाद्याला काढायचं म्हणजे आधी ताकीद, मग खुलासा, मग चौकशी, मग वकिलांचा सल्ला. तोवर तो गडी स्वतःच दुसरीकडे नोकरी धरतो आणि निरोपाच्या दिवशी आम्हीच त्याला केक भरवतो. मामांचं काम दोन शब्दांत आटपायचं. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लवळ्यात कॉलेजच्या चढावर त्यांची खाणावळ आहे. तिथं स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यांवर कामाच्या माणसांच्या पिशव्या टांगलेल्या असत. मामा त्यांच्याकडे बोट दाखवून गरजायचे, "पिशवी उचला!" की नोकरी गेली. उत्तरेकडून आलेल्या आचाऱ्यासाठी त्यांनी हिंदीचीही सोय केली होती: "थैली उठाव, अब्बी के अब्बी!"

या प्रकाराला कायद्याचं अधिष्ठान मिळालं ते माझ्या नेमणूकपत्रामुळे. नोकरी लागल्यावर मी ते मामांना दाखवायला नेलं. ते इंग्रजीत होतं म्हणून मी मराठीत सांगत गेलो. सुट्ट्या, विमा वगैरे पानांवर त्यांनी सरळ जांभया दिल्या. 'खालील कारणांवरून पूर्वसूचनेशिवाय तात्काळ सेवा समाप्त करण्यात येईल' हे कलम आलं मात्र, मामा सावरून बसले. चोरी, मारामारी, कामावर दारू, कंपनीचं गुपित फोडणं, सगळं त्यांनी मान डोलावत ऐकलं.

"आन् आमटीत साखर घातली तर?"

"तसं काही यात नाही, मामा."

"मंग कसली रं तुमची कंपनी!"

त्याच बैठकीत त्यांनी माझ्याकडून खाणावळीचं करारपत्र लिहून घेतलं. चोरी आणि मारामारी त्यांनी आधी काढून टाकली, "त्ये कोण करतंय हितं?" म्हणून. मग आपली कलमं घातली. आमटीत साखर घालणं. शिळी भाकरी ताजी म्हणून वाढणं. ताटावर बसलेल्या पोराला 'भाजी संपली' असं तोंड वाकडं करून सांगणं. मालक जेवत असताना फोनवर सासूशी भांडणं. सगळ्यात वर मात्र, मला दोनदा वाचून दाखवायला लावून, त्यांनी एक कलम घातलं: गॅस चालू ठेवून बाहेर जाणं.

काढलेल्या माणसाला परत आणायचीही रीत होती. ज्यानं काढलं त्यानंच आणायला जायचं. आपल्या पायानं कुणी परत यायचं नाही. संध्याकाळी मामा स्कूटर घेऊन त्या माणसाच्या दारात जायचे, खाली न उतरता हॉर्न वाजवायचे आणि विचारायचे, "जेवलास का?" माफीबिफीचा प्रश्नच नव्हता. उत्तर काही का येईना, दुसऱ्या दिवशी ती पिशवी परत खिळ्यावर दिसायची. खाणावळीच्या जुन्या स्वयंपाकीण कुसुमताई तर इतक्या वेळा बडतर्फ झाल्या होत्या, की एक रिकामी पिशवी त्यांनी खास त्यासाठीच टांगून ठेवली होती. "भरलेली कशाला वागवायची? मालकांचं रोजचंच हाय," म्हणायच्या. ती उचलून घरी जायच्या, निवांत झोप काढायच्या आणि हॉर्नची वाट बघायच्या.

पहिल्या कलमाला मात्र बोलावणं नव्हतं. माझे धाकटे काका, म्हणजे मामांचे सख्खे मेव्हणे, तेव्हा तिथं सकाळचा नाश्ता बघायचे. एकदा पोह्यांची कढई पेटत्या शेगडीवर तशीच ठेवून ते बैलगाड्यांची शर्यत बघायला पळाले. मामांनी त्यांना काढलं, आणि स्कूटर काही त्यांच्या दाराशी गेली नाही. आत्यानं अबोला धरला, भाऊबीजेला डोळ्यांत पाणी आणलं, मामा हलले नाहीत. काकांनी शेजारच्या चांदे गावात वडापावची गाडी टाकली. गाडी झकास चालली, पण मामांचं नाव निघालं की काका तेलात वडे जरा जोरातच सोडायचे.

मग गेल्या वर्षीची ती सकाळ आली. मला सुट्टी होती, मी खाणावळीत चहाची वाट बघत बसलो होतो. मामांनी स्वतः दूध तापत ठेवलं, आणि दारात आडवी रिक्षा लावणाऱ्याला झापायला बाहेर गेले. झापता झापता त्याचं गाव निघालं, गावात ओळख निघाली, आणि मामा त्याच्याच रिक्षात बसून कुठंतरी गेले. दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि गॅस तसाच येत राहिला. मागं भाजी धूत असलेल्या कुसुमताईंना वास आला. त्यांनी धावत येऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. थोडक्यात निभावलं. आम्ही सगळ्यांनी गप्प बसायचं ठरवलं. पण मामा परत आले आणि ओट्यावर सांडलेलं दूध बघून थबकले.

"कुणी ठिवलं व्हतं?"

"मी, मालक," कुसुमताई म्हणाल्या. हे पहिलं कलम, यातून परत येणं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मामांनी शेगडीकडे बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "न्हाई कुसुम," ते म्हणाले, "मीच ठिवलं. आन् इसरलो." खिळ्यांकडे बोट दाखवायला त्यांनी हात उचलला, पण त्यांची पिशवी तिथं कधी नव्हतीच. शेवटी त्यांनी कुसुमताईंची रिकामी पिशवी उचलली आणि घरी गेले.

आठवडाभर ते घराच्या ओट्यावर बसून होते. आत्या म्हणाली, "अवो, खाणावळ तुमचीच हाय!" तर म्हणाले, "म्हणून तर." मी माझ्या खात्याचं सगळं ज्ञान पणाला लावून सांगितलं, की मालकाला स्वतःचा करार लागू होत नाही. मामांनी एवढंच विचारलं, "मंग तुझ्या काकाला कोणत्या तोंडानं काढलं रं मी?"

शेवटी एका दुपारी दारात रिक्षा येऊन थांबली आणि हॉर्न वाजला. आत कुसुमताई. खाली उतरल्या नाहीत.

"जेवला का, मालक?"

"पयल्या कलमाला बोलावणं न्हाई, कुसुम."

"कामाला कोण बोलावतंय? शेगडीपाशी तुमाला मीच येऊ देणार न्हाई. जेवायला चला. आन् माझी पिशवी घिऊन या."

मामा पिशवीची घडी घालून रिक्षात बसले, मीही बसलो. पण त्यांनी रिक्षा आधी चांद्याला घ्यायला लावली. काकांच्या गाडीसमोर त्यांनी स्वतः वाकून हॉर्न दाबला. "जेवलास का?" काकांच्या हातातला झारा तसाच राहिला. मग त्यांनी शेगडी बंद केली, बंद झाल्याची दोनदा खात्री केली, आणि आमच्याशेजारी येऊन बसले. त्या दिवशी साले-मेव्हणे एका बाकावर बसून पोटभर जेवले.

आता मामा रोज दुपारी येतात ते जेवणारे म्हणून. पोरांमध्ये बाकावर बसतात, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीत, आणि कुणालाही काढत नाहीत. खाणावळ सुरळीत चालते, आणि मला ते मुळीच आवडत नाही. परवा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. आमटीचा भुरका मारला आणि चमकलो. चांगली मूठभर साखर होती. कुसुमताई दारात पदर खोचून उभ्या होत्या, मामांच्या तोंडाकडे बघत. मीही घास हातात धरून बघत राहिलो. ओरडा हो मामा, एकदा ओरडा, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

मामांनी वाटी सावकाश संपवली आणि बोटं पुसली.

"चांगली झालीया, कुसुम," ते म्हणाले.

कुसुमताई वळल्या, खिळ्यावरची ती रिकामी पिशवी काढून झटकली, आणि पुन्हा तिथंच टांगून ठेवली.