जाऊबाईंच्या हातचं पाणी

माझा नवरा नागराज जयनगरात गाड्यांची सीट कव्हरं शिवतो आणि रोज संध्याकाळी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, रत्नाबाईंच्या, दारात उभा राहून स्किझोफ्रेनियाची गोळी घेतो. पाणी त्यांच्याकडूनच मागून. आमच्यात दारी आलेल्याला पाणी नाही म्हणत नाहीत, म्हणून बिचारीचा इलाज चालत नाही. बिचारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही, ते सोडा.

आम्ही एकत्र राहत असताना मी आईच्या आजारपणात बेळगावला गेले होते, तेव्हा या बाईंनी ह्यांच्या गोळ्या बंद केल्या. त्यांच्या लेकीला, दिव्यश्रीला, बघायला माणसं यायची. घरात असली औषधं दिसायला नकोत. शिवाय, म्हणे, नागू बरा झालाय की! थोड्याच दिवसांत हा बरा झालेला नागू बसस्टँडवर सापडला, अंगावरच्या कपड्यांचं भान नसलेला. पुढे हॉस्पिटल. हातचं काम गेलं, आम्ही त्याच गल्लीत भाड्याच्या खोलीत आलो.

घरी आल्यावर ते गोळीला हात लावेनात. झोप येते, मशीनवर हात चालत नाही म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. समजावून झालं, रडून झालं. शेवटी म्हटलं, तुम्ही पुन्हा कधी पडता याची वहिनी वाट बघतायत. त्यांच्या नाकावर टिच्चून घ्या. त्या दिवसापासून एक गोळी चुकली नाही. कामही परत मिळालं.

परवा दिव्यश्रीला बघायला हुबळीची माणसं आली. आज स्वल्प उशिरा या, असा जाऊबाईंचा निरोप होता. आम्ही वेळेवर गेलो. मी इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता. ह्यांनी पाणी मागितलं, तशी मुलाच्या आईनं विचारलं, गोळी कसली?

"ताकदीची," रत्नाबाई म्हणाल्या.

"खरं सांगा, वैनी," हे म्हणाले.

जाऊबाईंनी पेला तसाच खाली ठेवला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"डोक्याच्या आजाराची आहे. मीच बंद केली होती. चुकले मी, नागू. माफ कर."

पाहुणे कॉफी अर्धी टाकून उठले. दिव्यश्री आमच्याकडे न बघता आत गेली. पोरीचं वाईट वाटलं, पण मी थांबले नसते.

परतताना कोपऱ्यावर ते म्हणाले, "माफी मागितली की त्यांनी. सरी, ठीक आहे, झालं. आता कशाला घ्यायच्या गोळ्या?"

मी त्यांना तिथंच थांबवलं.

"माफी कसली? पाहुण्यांसमोर चांगुलपणा दाखवला त्यांनी," मी म्हटलं. "मनातून नव्हतं ते. उद्या परत जायचं."

ते बरं म्हणाले. जाऊबाईंचे डोळे भरून आलेले मी पाहिले होते, ते त्यांना कधीच सांगणार नाही.