किल्ला खिळ्यावर

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालो आणि पुढच्या मे महिन्यात आम्ही मुलीकडे मँचेस्टरला जायचे ठरवले. तिला सलग सुटी तीनच दिवस मिळणार होती. तेवढ्यात स्कॉटलंडमधले एक शहर नीट पाहून होईल; एडिंबरा की ग्लासगो, ते नाशिकहून ठरवून कळवा, असे तिने फोनवर सांगितले. "दोन्हीकडे धावायचं असेल तर मी येणार नाही," हेही सांगितले.

मी एडिंबरा म्हणालो. माझे बरेचसे रविवार नाशिकभोवतीचे किल्ले चढण्यात गेले होते, आणि तिथे शहराच्या मधोमध कड्यावर किल्ला आहे.

बायको ग्लासगो म्हणाली. ती शाळेत चित्रकला शिकवत होती. नव्वदच्या दशकात तिने एका जुन्या कॅलेंडरची पाने कापून वर्गासाठी पुठ्ठ्यांवर चिकटवली होती. त्यांतल्या एका पानावर खिडकीशी शिवत बसलेली बाई होती. मूळ चित्र ग्लासगोच्या संग्रहालयात आहे, असे खाली छापलेले होते.

"अहो, तुमच्या त्या किल्ल्यावर तिकीट काढून जातात. वर चहासुद्धा मिळतो."

"मग बरंच. भडंग न्यायला नको."

"अंजनेरीवर जाऊन तरी काय करता? खाली बघत आपलं घर शोधता. तिथे कोणाचं शोधणार?"

आठवडाभर असेच चालले. एक मुद्दा मात्र तिने एकदाही काढला नाही. आदल्या दिवाळीत तिला काचबिंदू असल्याचे निघाले होते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, एवढे डॉक्टरांनी सांगितले होते. ती वेळेवर थेंब घालत होती.

आमच्या डेस्कवर जागा एकाच बातमीची आणि बातम्या दोन असल्या, की एकच प्रश्न विचारत: उद्यापर्यंत कोणती टिकेल? टिकणारी बातमी उद्यासाठी टेबलावरच्या उभ्या खिळ्याला टोचून ठेवत आणि दुसरी आज छापत. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी तो खिळा मला भेट दिला होता. घरी त्याच्यावर विजेची बिले असत.

एका सकाळी मी कागदावर 'एडिंबरा' लिहिले आणि खिळ्याला टोचले. तिने ते पाहिले.

"माझ्या डोळ्यांमुळे का?"

"किल्ला टिकतो. डेस्कचा नियम आहे."

"डेस्क सुटला, नियम नाही सुटला," ती म्हणाली आणि मी मत बदलायच्या आत मुलीला फोन लावला.

ग्लासगोत चित्र अपेक्षेपेक्षा लहान निघाले. मुलगी आणि मी समोरच्या बाकावर बसलो. बायको चित्राजवळ गेली, मागे आली, एक डोळा झाकून पाहिले, मग दुसरा. बऱ्याच वेळाने बाकाकडे वळली.

"त्या बाईचं लुगडं निळं नाहीच. जांभळं आहे. इतकी वर्षं मी पोरांना निळं सांगितलं."

"लुगडं नाही गं आई, झगा आहे तो," मुलगी म्हणाली.

"तेच ते. जांभळा आहे."

तिचा चेहरा तक्रारीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तिथेच गेलो. तेव्हा रंगाची खात्री करायला मलाही उठवले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिने पुठ्ठ्यावर चित्राखाली शाईने लिहिले: 'झगा जांभळा आहे. स्वतः पाहिला.' एडिंबराचा कागद खिळ्यावर आहे. त्याच्यावर बिले चढत गेली आहेत.