हजेरीचा कागद

नगरला विद्यापीठाच्या केंद्रात दर रविवारी आमचा शासकीय धोरणं आणि गावकारभाराचा प्रमाणपत्र वर्ग भरतो. पहिल्या बाकावर पाथर्डीकडच्या एक बाई बसतात. हजेरीचा कागद आला की आम्ही चहाच्या घाईत सही ठोकून मोकळे होतो. त्या मात्र तारीख, विषय, वरची सगळी नावं बोट फिरवत वाचतात आणि मगच पेनाचं टोपण काढतात. मागून कुणी हसलं तरी ढिम्म हलत नाहीत.

एकदा मी म्हणालो, "ताई, हजेरीच तर आहे."

"पाच वर्सं सरपंच हुते मी," त्या म्हणाल्या. "ग्रामसेवक बोट ठेवायचे, तिथं सही करायची. पान्याच्या योजनेत आमच्याच वस्तीचं नाव न्हवतं. खाली सही माझी." टोपण लावून त्यांनी कागद मागे सरकवला. "आता समदं वाचते, समजतंबी. पन माज्याकडं सहीला एकबी कागद येत न्हाई."

पुढच्या रविवारपासून हजेरीचा कागद माझ्या हाती आला की मी आधी त्यांच्यापुढे ठेवतो. मी ग्रामसेवक आहे, हे मात्र त्यांना अजून सांगितलेलं नाही.