समोरच्या दारात विचारा

आबांबद्दल मी एक खोटी गोष्ट पसरवली, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की हसू येतं, आणि हसता हसता मी नेमकी तीच गोष्ट गाळून जाईन अशी मला माझीच धास्ती वाटते. तर ते कबूल. आता दुसरं. खोटं बोलण्याची सोय ज्याच्या घडणीत ठेवायची राहूनच गेली, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि मी राहता फ्लॅट विकायला काढला तेव्हा तो माणूस माझ्या समोरच्या दारात राहत होता.

गंगापूर रोडला लागून आत गेलेल्या एका गल्लीत आमची चार मजली इमारत आहे. आम्ही तिसऱ्यावर. लिफ्ट नाही. इमारत झाली तेव्हा सगळ्यांचेच गुडघे तरुण होते, त्यामुळे लिफ्टची आठवण कोणाला झाली नाही. पुढे आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर चौघांनी तिला खुर्चीत बसवून वर आणलं, आणि ती जी वर आली ती परत खाली उतरलीच नाही. बाल्कनीत बसून ती खालच्या भाजीवालीला हाक मारी, मेथी कशी दिली ते विचारी आणि मेथी न घेताच समाधान मानी. "मला एकदा जमिनीवर नेऊन उभी कर रे," एवढंच तिचं मागणं होतं. हा फ्लॅट विकायचा आणि तिच्यासाठी तळमजल्यावरचं घर घ्यायचं, असं मी ठरवलं. ठरवताना ते सोपं वाटलं होतं.

आबा मूळचे निफाडकडचे द्राक्षबागाईतदार. मुलांच्या शाळेसाठी त्यांनी समोरचा फ्लॅट घेतला. मुलं शिकली आणि शिकलेली मुलं जातात तशी लांब गेली. बाग धाकटा भाऊ बघू लागला. मग त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या. आबा एकटे उरले, पण गावाकडे परत गेले नाहीत. त्याऐवजी त्यांनी आमची इमारतच बाग म्हणून कसायला घेतली. भिंतीवर पांढरा थर धरला की ते म्हणत, "भुरी आली." ओल काळपट झाली की "डावण्या." हे दोन्ही द्राक्षांवरचे रोग, पण आमच्या जिन्याला ते दर पावसाळ्यात होत. गच्चीवर एका निळ्या पिंपात त्यांनी वेल लावला होता आणि कपडे वाळत घालायच्या तारांवर चढवला होता. ऑक्टोबरात त्याची छाटणी निघे. त्या दिवशी गच्चीवर कोणी चादर टाकायची नाही, असा फतवा असे. माघात वेलाला जेमतेम एखाददुसरा घड लागे आणि आबा तो स्टीलच्या ताटलीत घेऊन दारोदार फिरत. घरटी एकेक मणी. मणी तोंडात टाकून आपण "गोड आहे" म्हणेपर्यंत ते दारातून हलत नसत. दुसऱ्या मजल्यावरच्या देशमुखांना साखरेचा आजार, तर त्यांच्यासाठी आबांनी मणी सुरीने अर्धा कापून नेला होता. आमच्या आईला मात्र दोन. "माई वर अडकल्यात," हे त्याचं कारण.

जानेवारीत ढग आले की आबांच्या जिवाला घोर. बाग आता भावाची, घोर मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवून घेतला होता. अशा एका सकाळी मी जिन्यात "काय मस्त गारवा सुटलाय" असं म्हणालो. पुढे ऊन पडेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. ऊन पडल्यावर स्वतःच आले. म्हणाले, "भाऊ, तुमचं चुकलं नाय. तुमाला गारवा दिसतो, मला मणी तडकल्याला दिसतो." पाण्याची मोटार लावायचं कामही त्यांच्याकडेच होतं. गच्चीची आणि मोटारीच्या खोलीची किल्ली त्यांच्या करगोट्याला असे. टाकी भरली की नाही हे ते बाहेरून काठी वाजवून, कान लावून ठरवत, आणि टाकीशी चाललेलं हे बोलणं बराच वेळ चाले.

घर बघायला येणाऱ्यांची आपल्याकडे एक रीत आहे. मालकावर त्यांचा विश्वास नसतो. सगळं बघून, चहा पिऊन ते बाहेर पडतात आणि चपला घालता घालता समोरच्या दारात विचारतात, "पाण्याचं कसं काय इथे?" आमच्या समोरचं दार सदा उघडं, आणि दारात खुर्ची टाकून आबा.

पहिलं जोडपं आलं तेव्हा बाईंनी आमच्या स्वयंपाकघरात फ्रिज कुठे ठेवायचा तेसुद्धा ठरवून टाकलं. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग त्या बाहेर पडल्या आणि मी दाराच्या भोकाला डोळा लावला.

"पाण्याला तोटा नाय," आबा सांगत होते, "पण उन्हाळ्यात दाब कमी पडतो. वरच्यानं लवकर उठावं लागतं. पश्चिमेची खोली दुपारची अशी तापती का भाकर भाजून निघंल. हालच्या कोपऱ्यात भुरी हाय."

"भुरी म्हणजे?"

"भिंतीला. भाऊंनी रंग दिलाय वरून. पण भुरी रंगानं जात नाय ना."

रंग मी आदल्याच आठवड्यात दिला होता. त्यानंतर कबुतरं झाली, चौथ्या मजल्यावरचं फटाक्यांना रडणारं कुत्रं झालं, गाडी लावायच्या जागेवरून झालेली सगळी भांडणं मूळ पुरुषापासून झाली. बाई घड्याळाकडे बघू लागल्या. "कळवतो," असं म्हणून ते दोघं उतरले. मुलगी बघायला आलेले जातात ना, तसे.

मी तणतणत समोर गेलो. "आबा, माझं घर विकू द्यायचं नाही असं ठरवलंय का तुम्ही?"

त्यांना खरोखर नवल वाटलं. "मी? मी तर इकायलाच लागलोय की!"

"मग हे काय सांगत बसलात त्यांना?"

"भाऊ, आमच्याकडं जमीन बघायला कोणी आलं ना, तर तो आधी बांधाच्या शेजाऱ्याला इचारतो. शेजाऱ्यानं सगळं सांगायचं. इहीर कधी आटती, खडक कुठं लागतो, वाट कोणाच्या रानातून हाय. लपवलं आन् तो फसला, तर जन्मभर भांडण बांधावर. तुमी इकून जाल. ऱ्हायचं मला हाय त्याच्यासंगं. उद्या रातीचं माझं काय झालं, तर कोणाचं दार वाजवू?"

"निदान चांगलं तरी काही सांगा!"

"सांगतो ना. दोष आधी, गुण मागनं. गुण आधी सांगितलं का माणूस दोष ऐकतच नाय."

अडचण एवढीच होती की दोष संपेपर्यंत कोणी थांबत नसे. फ्लॅटचे गुण आजवर आबांच्या पोटातच राहिले होते.

अर्थात सगळं आबांवर ढकलणं बरोबर नव्हतं. एजंटाकडे कारणांची पोतडी होती. दार दक्षिणेला. (हल्ली माणसं उंबऱ्याबाहेर चपलेआधी मोबाइलवरचं होकायंत्र काढतात.) पितृपंधरवडा. मग सिंहस्थ. घेणारे म्हणत, कुंभ होऊन जाऊ दे, भाव उतरतील. माझ्या ओळखीचे म्हणत, कुंभ होऊन जाऊ दे, भाव चढतील. द्राक्षाचे पैसे हातात आले की दिंडोरी-निफाडचे लोक मुलांच्या शाळेसाठी घरं बघायला उतरतात, तर त्या वर्षी ऐन काढणीत पाऊस झाला. दर रविवारी आम्ही पसारा पलंगाखाली ढकलत होतो, बायको उदबत्ती लावत होती, आई केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून ताठ बसत होती, जणू तिलाच बघायला येणार आहेत. माणसं यायची, बाल्कनीत उभं राहून वाकून बघायची, आईला नमस्कार करायची आणि "कळवतो" म्हणून जायची. ती गेली की आई विचारायची, "काय म्हणाले?" मी म्हणायचो, "कळवतो म्हणाले." दोन-अडीच वर्षं हे चाललं.

अशाच एका रविवारी चांगलं, पसंतीच्या बेतात आलेलं गिऱ्हाईक आबांच्या दारातून उतरल्या तोंडाने निघालं. मी जिन्यात त्यांच्यामागे गेलो आणि हळूच म्हणालो, "त्यांचं मनावर घेऊ नका. काकू गेल्यापासून त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. काहीही बोलतात."

वाटलं होतं त्याहून सोपं गेलं ते. जिभेला काही टोचलं नाही.

एजंट तेव्हा सोबतच होता. पुढच्या गिऱ्हाइकांना तो जिना चढतानाच हे सांगू लागला. ते जिन्यात सांगितल्यामुळे इमारतीनेही ऐकलं. लोकांना मग एकेक आठवू लागलं. टाकीला कान लावणं, भिंतीला भुरी म्हणणं, अर्धा मणी. आजवर आम्ही ज्याला हसत होतो, त्याची आता लक्षणं झाली. सोसायटीची मीटिंग भरली. सेक्रेटरी म्हणाले, "उद्या मोटार चालूच राहिली तर जबाबदार कोण?" आबांनी करगोट्याची किल्ली सोडली, उपरण्याने पुसली आणि टेबलावर ठेवली. "माझं काय चुकलं?" एवढंच विचारलं. "काही नाही हो, आराम करा आता," सगळे एका सुरात म्हणाले. त्या मीटिंगला मी होतो. मी चहाही घेतला.

आबांचं दार बंद राहू लागलं. ऑक्टोबर आला तेव्हा गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे होती आणि ते गावाला गेलेले, त्यामुळे छाटणी राहिली. वेल नुसताच तारांवर माजला. माघात आई एकदा म्हणाली, "यंदा आबांचं द्राक्ष आलं नाही रे. काही बोलणं झालं का तुमचं?" मी "नाही" म्हणालो. तेही तसं खरंच होतं.

एवढं करून घर विकलं गेलं का? गिऱ्हाइकं येईनाशीच झाली. मी एजंटाला फोन केला, तर तो आढेवेढे घेत म्हणाला, "साहेब, राग मानू नका. समोर डोक्याने गेलेला माणूस राहतो असं सगळीकडे झालंय. लेकरंबाळं घेऊन कोण येणार तिथे?"

"कोण म्हणतं असं?"

"कोण काय? तुम्हीच नव्हता का म्हणालात?"

नंतरच्या एका रविवारी एजंटाशिवाय, फाटकावरची पाटी वाचून, दिंडोरीकडचं एक तरुण जोडपं वर आलं. मुलाला शहरातल्या शाळेत घालायचं होतं. त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे, पण तो रविवार मला व्यवहारासाठी आठवत नाही. घर बघून झालं, ती दोघं बाहेर पडली, आणि सवयीने मी भोकाला डोळा लावला. बाईने बंद दार वाजवलं. आबांनी ते हातभर उघडलं.

"आजोबा, पाण्याचं कसं हाय इथं?"

"मला नका इचारू, ताई. माझं डोकं ठिकाणावर नाय म्हणत्यात. मला तर काय तसं कळत नाय, पण समदे म्हणत्यात म्हंजे असंल. चुकीचं सांगितलं गेलं तर तुमचं नुकसान व्हईल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. हा माणूस स्वतः कधी खोटं बोलला नव्हता, म्हणून लोक खोटं बोलतात हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझं खोटं त्याने खरं धरलं होतं, आणि इतके दिवस बंद दाराआड बसून तो स्वतःचं डोकं तपासत होता.

मी दार उघडलं. धीर मात्र अर्धाच होता. "तसं काही नाही," मी त्या जोडप्याला म्हणालो, "लोक काहीतरी बोलतात. तुम्ही यांनाच विचारा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग दार पूर्ण उघडलं आणि खुर्ची ओढली. पाण्याच्या दाबापासून सुरुवात झाली. तापणारी खोली, भुरी, कबुतरं, कुत्रं. ती दोघं रानात वाढलेली, बांधावरची रीत त्यांना ठाऊक होती. ती मांडी घालून बसली आणि हलली नाहीत. मीही उंबऱ्यावर बसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोष संपले आणि आबा गुणांवर आले.

"हालमधी वारा असा येतो का चैत्र-वैशाखात पंखा लागत नाय. सकाळचं ऊन देवघरात उतरतं. आन् शेवटचं," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "या घरात खोटं बोलणारा माणूस आजवर ऱ्हायलेला नाय. भिंतीला रंग दिला तेवढाच."

ती दोघं हसली. आतून आईही हसल्याचं ऐकू आलं, म्हणजे ती सगळं ऐकत होती. मी उभा राहिलो आणि हात जोडले.

"आबा, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय असं मीच सांगितलं सगळ्यांना. घर विकलं जावं म्हणून. ते खोटं होतं, आणि किल्ली गेली तेव्हा मी गप्प बसलो. तुमचं डोकं जागेवर आहे, आबा. चुकलं माझं. मला माफ करा."