सोमाजीले निरोप नाई सांगतला

हे मी बायकोले बी कधी नाई सांगतलं. आता ती नाई. ज्याचं नुकसान झालं तो सोमाजी कुठी आहे, आहे का नाई, ते बी मले माहीत नाई. मग तुलेच काऊन सांगून राह्यलो? — ते नको विचारू. बस थोडा वेळ. मधातच उठून गेला तरी चालते.

पयले माह्यावाल्या घराचं सांगतो. त्याच्याशिवाय पुढचं समजणार नाई.

गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातलं तालुक्याचं लहानसं गाव. गावाबाहेर निघालं की जंगल. मी पिठाची चक्की टाकली — तेलाच्या इंजनवर चालणारी. इंजन आणाले पैसे पाहिजे, म्हणून घर गहाण ठेवलं. मुदतीचं गहाण. म्हणजे ठरलेल्या दिवसापर्यंत पैसे नाई आले की घर समोरच्याचं, मग बोलाचं काम नाई. ज्याच्याजवळ ठेवलं त्याले सारं गाव शेठजी म्हणे. म्हातारा, कानानं थोडा जड. कागद झाला तेव्हा मले म्हणे, "अडचण आली तं तोंड लपवू नको. सकाळी येऊन ओसरीवर बसजो. पैसे नसले तरी येजो."

त्या ओसरीची रीत गावाले माहीत होती. ज्याचं व्याज थकलं तो सकाळी जाऊन तिथी बसे. काही मांगत नसे, बोलत नसे. म्हातारा पूजा आटोपून बाहेर येई, पाहे, आतून चहा आणाले सांगे — अन् मुदत वाढवून देई. व्याज सोडत नसे. देव नोहता तो. पण जो येऊन बसला त्याचं घर त्यानं घेतलं, असं मी कधी आयकलं नाई. अन् तो स्वतः कोणाच्या दारात जात नसे, माणूस धाडत नसे. बायकापोराइसमोर कायले कोणाची इज्जत घ्या, म्हणे.

पण ओसरी होती बाजाराच्या रस्त्यावर. जो बसला तो साऱ्याइले दिसे. पाणी भरणाऱ्या बाया पाहत, शाळेत जाणारी पोरं पाहत. अन् मी कोण? चक्कीवाला. पांढरं धोतर, तोंडात पान, दुसऱ्याइले चार गोष्टी शिकवणारा. 'आज चक्कीवाला बसला' — हे मले आयकाचं नोहतं.

इंजन बिघडलं. नागपूरचा मिस्त्री येऊन गेला, पैसे घेऊन गेला, इंजन तसंच. व्याज थकलं. तं मी काय केलं? त्या रस्त्यानं जाणं सोडलं. बाजाराले बी मागच्या गल्लीतून जात होतो. कोणी विचारलं तं हासून देत होतो. मुदत गेली अन् घर गेलं. बसलो असतो तं राह्यलं असतं. इतकंच.

बायको रडली. म्हणे, तुम्ही ओसरीवर बसले होते ना? मी म्हतलं, बसलो होतो. पहाटे जाऊन बसलो, लोक उठाच्या आत. त्यानं माह्याकडं पाह्यलं बी नाई.

एवढं बोललो अन् मले बरं वाटलं. खरंच बरं वाटलं — तेही लपवत नाई.

तिनं ते विहिरीवर सांगतलं. थोड्या दिवसात गावभर झालं. म्हातारा बदलला, म्हणे. आता पहिल्यासारखा नाई राह्यला. सावकाराबद्दल वाईट आयकाले लोकाइले कितीसा वेळ लागते? मी काही वाढवून सांगत नोहतो. कोणी विचारलं की नुसती मान हालवून देत होतो.

इतकंच असतं तं तुले बसवून ठेवलं नसतं. आपलं घर आपण घालवलं, वरून खोटं बोललो — असे कितीतरी असतील. त्याच्यापुढचं आहे. त्याच्याचपाशी येऊन जीभ अडते.

आम्ही दुसऱ्या गल्लीत भाड्याच्या खोलीत गेलो. मी लाकडाच्या डेपोवर मोजणीच्या कामाले लागलो. शेजारी सोमाजीचं घर. सोमाजी गाडीवान. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान बल्लारपूरच्या रेल्वेपर्यंत ओढून नेई. गाडीले हेल्याइची — रेड्याइची — जोडी घेतली होती, अन् त्या जोडीसाठी घर गहाण होतं — त्याच शेठजीजवळ. उन्हाळ्यात एक हेला मेला. एका हेल्यानं गाडी चालते काय? पावसाळाभर तो घरी बसून राह्यला. मुदत होती दिवाळीची.

दिवाळीच्या आधी एक दिवस तो माह्याकडं आला. आत नाई आला, दारातच उभा राह्यला.

"भाऊ," म्हणे, "तुम्ही यातून गेलेले आहा म्हणून विचारतो. मी जाऊन बसू काय ओसरीवर?"

सरळ प्रश्न. उत्तर बी सरळ होतं — जाय, आत्ताच जाय. पण तो गेला असता तं म्हाताऱ्यानं चहा पाजून मुदत वाढवली असती. मग सोमाजीनं गल्लीत येऊन सांगतलं असतं, की अरे, म्हातारा तं तसाच आहे. मग माही बायको माह्याकडं पाहत राह्यली असती. हे सारं मले तिथंच, उभ्या उभ्या दिसलं. न समजता बोलून गेलो असं नाई.

मी म्हतलं, "काही फायदा नाई, सोमाजी. मी बसून पाह्यलं. घर जाते ते जाते, वरून इज्जत जाते."

त्यानं मान हालवली. "मंग नाई जात," म्हणे. अन् गेला.

दिवाळी झाली. मुदत गेली. मले वाटलं, संपलं. पण बाजारात म्हातारा समोर आला. मी बाजूले होऊन राह्यलो होतो, त्यानंच हाक मारली. म्हणे, "सोमाजी काऊन नाई आला रे? तू त्याच्याच गल्लीत राहते ना? दिवस गेला, पण कागद मी अजून तसाच ठेवला आहे. त्याले म्हणजो, येऊन बस." मंग म्हणे, "तू बी नाई आला होता." रागावून नाई म्हणाला. त्याले समजत नोहतं, म्हणून म्हणाला.

मी म्हतलं, सांगतो.

घरी आलो तं सोमाजी अंगणात गाडीच्या चाकाले वंगण लावून राह्यला होता. त्याची म्हातारी माय भिंत सारवत होती. जे घर हातचं गेलं, त्याची भिंत. सोमाजीनं मले पाहून रामराम केला. मी बी केला. अन् घरात गेलो.

उद्या सांगू, असं मनात आलं असंल म्हणशील. नाई आलं. नाई सांगाचं हे बाजारातच ठरलं होतं. रस्त्यानं येता येता मी भाजीचा विचार करत होतो. छातीत काही दुखलं नाई, झोप बी लागली. कसा माणूस असंल मी? हे आता वाटते. तेव्हा काहीच वाटत नोहतं. म्हातारा महिनाभर थांबला, मंग त्यानं ताबा घेतला.

सोमाजी बल्लारपूरले जायाले निघाला. तिथी कोळशाच्या खाणीत त्याचा साळा होता. आलापल्लीचं जंगल सोडून जमिनीखाली. एक हेला त्याचा, एक कोणाचा तरी मांगून आणलेला. गाडीवर भांडी, बाज, मागं म्हातारी बसलेली. माह्या दारासमोर त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला, अन् माह्या पाया पडला.

म्हणे, "भाऊ, तुम्ही सांगतलं म्हणून इज्जत तं राह्यली. नाईतर त्या ओसरीवर बसून तमाशाच झाला असता."

माही बायको दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले. तिले वाटलं, आपला नवरा किती भला.

मी सोमाजीले उठवलं. म्हतलं, सांभाळून जाय.