उतार बघून लावलेली जीप

गाडी धड चालत असली की माणूस नुसता गावाला पोचतो. गाडी बंद पडली की लोक जमतात, सल्ले देतात, चहा येतो आणि एक किस्सा तयार होतो. नव्वदच्या दशकात शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या एका छोट्या पोलीस ठाण्यात मी ड्रायव्हर होतो. आमच्या जीपने इतके किस्से दिले, की रिटायर झाल्यावर पेन्शनपेक्षा तेच जास्त पुरतात!

आम्हाला नवी गाडी हवी होती. पण मुख्यालयातून मोठे साहेब येणार, जुनी तपासून कंडम ठरवणार, मगच नवी मिळणार. साहेब काही येईनात. इकडे जीपचा स्टार्टर मनात आलं तरच फिरायचा, आणि त्याच्या मनात येत नसे. म्हणून मी गाडी कायम उतारावर लावायचो. सोडली की घरंगळत सुरू!

*

एकदा वैशाखऱ्याहून एक म्हातारबाबा धापा टाकत आले. शेताच्या बांधावरून त्यांचे दोन मुलगे काठ्या घेऊन एकमेकांसमोर उभे ठाकले होते. आमचे फौजदारसाहेब टोपी घालून निघाले. मी बाबांना विचारलं, "बाबा, घरापुढं उतार हाय का?"

"नाय रे, सगला सपाट हाय."

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "बाबा, असं करा, दोघांना इकडंच घेऊन या."

आणि आले की हो दोघं! एकाच एसटीतून, एकाच सीटवर बसून, काठ्या मांडीवर घेऊन. ठाण्यात येईपर्यंत निम्मं भांडण मिटलं होतं.

*

सिद्धगडाच्या पायथ्याला हातभट्टीवर धाड घातली. धर्मा नावाचा भट्टीवाला सापडला. परत येताना सपाट रस्त्यावर जीप बंद! विशे हवालदार आणि धर्मा खाली उतरून ढकलायला लागले. धर्माचा खांदा म्हणजे खांदा! गाडी एका दमात सुरू झाली आणि मी सुसाट सुटलो. थांबलो तर परत बंद पडायची. आरशात दोघं हात हलवत पळताना दिसत होते, पण शेजारी बसलेले फौजदारसाहेबच ओरडले, "थांबू नकोस!"

संध्याकाळी दोघं एसटीतून उतरले. तिकिटं धर्माने काढली होती, कारण विशेंचं पाकीट जीपमध्ये राहिलं होतं. धर्मा माझ्यावर भडकला, "ओ डायवरसाहेब, आरोपीला कोन असा टाकून जातो काय?"

*

जीप महिन्यातले पंधरा दिवस नाक्यावरच्या गॅरेजात. फौजदारसाहेबही तिथेच स्टुलावर बसून राहायचे. मग लोक तक्रारी घेऊन थेट गॅरेजातच यायला लागले. विशे जुन्या टायरवर बसून लिहून घ्यायचे. एके दिवशी किन्हवलीच्या एक बाई आल्या. शेजारणीने शिव्या दिल्या, म्हणाल्या. गाडीखालून मेकॅनिकचा आवाज आला, "विशेदादा, अदखलपात्र हाय. नोंद करा नि जाऊ द्या!"

*

शेवटी एका सोमवारी मोठे साहेब आले. त्यांची स्वतःची गाडी कोरी करकरीत. आमची जीप मी मुद्दाम अंगणात सपाट जागी लावली होती. विशेंनी तर सकाळी 'आज सुरू होऊ नको गो बाय' म्हणत नारळही फोडला होता. जामिनाच्या हजेरीला आलेला धर्मा बाकावर बसून बघत होता.

साहेब म्हणाले, "मारा स्टार्टर."

मी निर्धास्तपणे चावी फिरवली. मेली पहिल्या फटक्यात सुरू झाली! धूरसुद्धा काढला नाही. कधी नव्हे तो मला तिचा खरोखर राग आला.

"उत्तम आहे की! अजून पाच वर्षं जाईल," असं म्हणून साहेबांनी कागदावर 'फिट' लिहिलं आणि ते आपल्या गाडीत जाऊन बसले.

त्यांच्या ड्रायव्हरने चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

कोणी काही सांगायच्या आत धर्मा उठला, बाह्या सारल्या आणि नव्या गाडीला खांदा लावला. अंगणाला तीन फेऱ्या झाल्या, पण ती काही सुरू होईना. साहेबांना दुपारी मुख्यालयात मीटिंग होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग अजून सुरूच असलेल्या माझ्या जीपकडे पाहिलं, आणि मुकाट्याने येऊन माझ्या शेजारी बसले. नवी गाडी आमच्या अंगणात राहिली. फौजदारसाहेबांनी इतका कडक सॅल्यूट आयुष्यात ठोकला नसेल!

मी गिअर टाकणार, इतक्यात धर्मा घाम पुसत धावत आला आणि साहेबांच्या बाजूने आत वाकून काळजीने म्हणाला,

"साहेब, तुमच्या हापिसापुढं उतार हाय ना?"